केस कुणाचे, हात कुणाचे

माझे केस एकोणिसाव्या वर्षी पिकायला लागले. आईचे तसेच, मावशीचेही तसेच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलच्या आरशात कानशिलाजवळ पहिला पांढरा केस दिसला, तो मी उपटून टाकला. पंचविशीपर्यंत उपटून भागेल अशी परिस्थिती राहिली नव्हती. तेव्हापासून दर पाच आठवड्यांनी रंग. पगाराच्या तारखेसारखी ती तारीख मला पाठ असते. आठवडाभर उशीर झाला की भांगात पांढरी रेघ उगवते आणि मीटिंगमध्ये समोरचा माणूस माझ्या डोळ्यांकडे न बघता तिकडेच बघतोय असं वाटत राहतं.

मी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. घर जवळच, रुपीनगरला. रंग लावायला घरापासून चार मिनिटांवरच्या पार्लरमध्ये जाते. दहा बाय बाराचा गाळा, दोन खुर्च्या, काचेचं दार आणि बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून त्यावर जाड पडदा. मालकीणबाईंना सगळ्याच ताई म्हणतात, मीही म्हणते.

२०२३ च्या पावसाळ्यात मला दिवस गेले. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो तेव्हा ठोके नव्हते. त्याच्या दहा दिवस आधी मी केसांना रंग लावला होता. टेस्ट पॉझिटिव्ह आलेली मला माहीत होती. पण पांढरी रेघ दिसत होती आणि सोमवारी क्लायंटचा कॉल होता.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्या रागावणाऱ्यातल्या नाहीतच. मी दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी माझ्यासाठी मऊ भात घेऊन आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "केसांना काय लावलं होतंस गं परवा?"

बस, एवढंच. पण ते वाक्य पुढचं वर्षभर माझ्या डोक्यात राहिलं.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ राहत नाहीत, त्यांतल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा कारण गुणसूत्रांतला दोष असतो. तो बीज फळतानाच झालेला असतो. "तुम्ही काही केलंत म्हणून हे झालं नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. घरी येऊन केस खसाखसा धुतले.

*

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले. या वेळी मी कुणीही सांगायच्या आधीच रंग बंद केला. सातव्या आठवड्यात रेघ दिसायला लागली, नवव्यात पट्टा झाला. मग सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, मेहंदी लाव, ती नैसर्गिक असते. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, अमोनिया नसलेला घे, त्याला काही होत नाही. सासूबाई म्हणाल्या, काहीच नको, नऊ महिने पांढरी राहिलीस तर कोण खाणार आहे तुला? नवरा म्हणाला, "तुला हवं ते कर," जे तो प्रत्येक अवघड प्रश्नावर म्हणतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तीन महिने थांबा, मग लावा."

'का' ते कुणी सांगत नव्हतं. माझ्या कामात 'चालतं' आणि 'चालत नाही' याला काही किंमत नसते. किती लोडला चालतं, किती वेळ चालतं, सलग किती दिवस चालतं, हे विचारावं लागतं. एका युजरला झकास चालणारं सॉफ्टवेअर दहा हजार युजर एकदम आले की कोसळतं. तर मी माझ्या पद्धतीनं शोधायला बसले.

कायमचा रंग म्हणजे दोन ट्यूब एकत्र कालवणं. एकीत रंगाचे बारीक कच्चे रेणू असतात. काळ्या-तपकिरी रंगात त्यातला मुख्य म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. अमोनिया किंवा त्याच्यासारखं दुसरं काही केसाचं वरचं आवरण फुगवतं, रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडशी संयोग होऊन मोठे होतात आणि आतच अडकतात. म्हणून तो रंग धुतला तरी जात नाही. या सगळ्यात डोक्याच्या कातडीतून रक्तात उतरतं ते फार थोडं, तेही कातडी धड असेल तर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे की अभ्यास मर्यादित असले तरी बहुतेकांतून गरोदरपणात केस रंगवणं सुरक्षितच दिसतं. धोका व्हायला लागेल ते प्रमाण, डोक्यावर लावताना अंगात जाणाऱ्या प्रमाणापेक्षा प्रचंड मोठं. पहिले बारा आठवडे थांबा म्हणतात, कारण बाळाचे अवयव घडतात ते याच काळात. एवढीच खबरदारी.

'अभ्यास मर्यादित' का, तेही मला समजलं. गरोदर बायकांवर मुद्दाम रसायनं लावून प्रयोग करणं कुठल्याही काळात बरोबर ठरणार नाही. त्यामुळे जे कळतं ते आधीच रंग लावून बसलेल्या बायकांना नंतर प्रश्न विचारून. म्हणून कुणीही डॉक्टर छातीठोकपणे 'शून्य धोका' म्हणत नाही. आपण मात्र त्या न म्हणण्याचा अर्थ 'धोका आहे' असा लावतो.

आईच्या मेहंदीचंही बघितलं. मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी. तासाभरात कुळकुळीत काळा करणारी 'काळी मेहंदी' मिळते, तिच्यात बहुतेक वेळा तेच पीपीडी घातलेलं असतं. म्हणजे पुडीवर हिरवं पान छापून घरात तेच येतं. अमोनिया नसलेल्या रंगाचंही तसंच. वास कमी, पीपीडी असू शकतंच. पीपीडीचा खरा, रोजचा धोका म्हणजे ॲलर्जी. कपाळ, पापण्या, कान सुजतात, पाणी सुटतं. म्हणून आपल्याकडच्या नियमांत पीपीडीच्या रंगाच्या पाकिटावर दोन सूचना सक्तीच्या आहेत: आधी थोड्याशा जागी लावून बघा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. मी बारा वर्षं रंग लावत होते. या सूचना पहिल्यांदा वाचल्या त्या मोबाईलचा कॅमेरा झूम करून.

हे सगळं वाचून मी एका रात्री बाल्कनीत बसून रडले. दोनदा आकडे तपासल्यावर टेस्ट केस पास व्हावी तसं काहीतरी झालं होतं. मागच्या वर्षीच्या त्या एका रंगानं काही झालेलं असण्याची शक्यता नगण्य होती, आणि हे मला वर्षभरापूर्वीच सांगितलं गेलं होतं.

*

चौथा महिना लागला तेव्हा सासूबाईंनी कपाटातून एक छोटी पांढरी डबी काढून माझ्या हातात ठेवली. झाकणावर नाव नाही, कंपनी नाही, काही नाही. "शेजारणीनं आणून दिलीय. डोहाळजेवणाच्या फोटोत चेहरा उजळ दिसेल. रात्री लावायचं."

त्या बाईनं माझ्या केसांच्या रंगाची वर्षभर काळजी केली होती. तीच बाई ही डबी प्रेमानं देत होती.

तोवर मी अकोल्याची बातमी वाचली होती. २०२३ च्या सुरुवातीला ती सगळीकडे आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, किडनीच्या आजारानं दवाखान्यात पोचल्या. तिघींत समान धागा निघाला तो चेहरा उजळवणाऱ्या क्रीमचा, जे एका ब्युटिशियनकडून आणलेलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा सापडला, मर्यादेच्या कित्येक पट. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांसाठीच्या वस्तूंत सत्तर. पारा कातडीचा रंग बनवणारी क्रिया थांबवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो आणि बाया विश्वास ठेवतात. तो कातडीतून आत जातो, किडनीत साठतो, आणि वारेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या वाढत्या मेंदूला इजा करू शकतो.

माझ्या ड्रॉवरमध्ये आणखी एक ट्यूब निघाली. लग्नाआधी वांगाच्या डागांसाठी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेतलेली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. लावलेल्या हायड्रोक्विनोनपैकी पस्तीस ते पंचेचाळीस टक्के अंगात शोषलं जातं. केसांच्या रंगाच्या मानानं हे किती जास्त आहे बघा. ट्रेटिनॉइन ज्या कुळातलं आहे, त्याच कुळातली आयसोट्रेटिनॉइन ही पिंपल्सची गोळी गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, हे पक्कं माहीत आहे. क्रीममधून जाणारं प्रमाण गोळीपेक्षा खूपच कमी, तरीही डॉक्टर गरोदरपणात तेही बंद करायला सांगतात. स्टेरॉइडची क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, कागदावर तरी.

या दोन वस्तूंबद्दल मला घरात, ऑफिसात, पार्लरमध्ये कुणीही हटकलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष केसांवर. रंग दिसतो, वास येतो, 'केमिकल' वाटतो. क्रीम मऊ असतं आणि त्याला गुलाबाचा वास येतो.

मी सासूबाईंना अकोल्याची बातमी वाचून दाखवली. त्यांनी डबी परत घेतली, उलटीपालटी करून बघितली, आणि म्हणाल्या, "मी पण लावते की गं हे. दिवाळीपासून." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाऊन त्यांची लघवीची आणि क्रिएटिनिनची तपासणी करून आलो. नॉर्मल आली. परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मागच्या वर्षीच्या वाक्याबद्दल आम्ही तेव्हाही बोललो नाही, पण ते वाक्य तिथे संपलं असं मला वाटतं.

*

पंधराव्या आठवड्यात, एका शनिवारी, मी पार्लरमध्ये गेले. ताई सामान आणायला पिंपरीला गेल्या होत्या. तिथे काम करणारी मुलगी होती. बावीस-तेवीसची, लातूरकडची, नवरा चाकणला एका व्हेंडरकडे कंत्राटावर. तिनं वाटीत रंग कालवला, माझ्या कपाळाला कडेनं क्रीम लावलं आणि पहिली बट उचलली. मग एकदम ब्रश ठेवून दार उघडून बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"काय गं, बरं नाही का?"

"काही नाही ताई, जरा मळमळतंय."

आरशात आमची नजरानजर झाली. "कितवा?" मी विचारलं.

"दुसरा. ताईंना सांगू नका हं. उद्यापासून येऊ नको म्हणतील."

मी तिच्या हातांकडे बघितलं. सात वर्षं मी त्या पार्लरमध्ये जात होते आणि तिथल्या कुणाच्याच हातांकडे मी कधी बघितलं नव्हतं. नखांच्या कडा काळ्या. बोटांच्या पेरांवर कातडी फुटलेली, अंगठ्याला चीर. रंगाच्या खोक्यात येणारे पातळ प्लॅस्टिकचे ग्लोव्हज खिळ्याला वाळत घातले होते. धुऊन धुऊन पांढुरके झालेले, एकाचं बोट फाटलेलं. "ते घसरतात," ती म्हणाली. एक्झॉस्ट फॅनच्या जागी पुठ्ठा लावलेला होता.

"दिवसाला किती जणींना रंग लावतेस?"

"चार. रविवारी सात-आठ."

मी पाच आठवड्यांतून एकदा चाळीस मिनिटांच्या रंगाबद्दल महिनाभर वाचत होते. ही बाई दिवसात चारदा, रोज, बंद खोलीत, फुटलेल्या कातडीनं तेच हाताळत होती. कातडी धड असेल तर फार थोडं आत जातं, हे वाक्य माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

घरी जाऊन मी जे वाचायचं राहिलं होतं ते वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिनं केसांच्या रंगांचे दोन वेगळे निवाडे दिले आहेत. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांसाठी: पुरावा अपुरा, वर्गीकरण करता येत नाही. केशकर्तनकार आणि पार्लरवाल्यांच्या कामातल्या संपर्कासाठी: बहुधा कर्करोगकारक. रसायनं तीच, फरक किती आणि किती काळ याचा. गरोदरपणाबद्दलही तसंच. पार्लरमध्ये काम करणाऱ्या बायकांवरच्या काही अभ्यासांत गर्भपाताचं किंवा कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसतं, काहींत दिसत नाही. दिवसभर उभं राहण्याचा वाटा किती आणि रसायनांचा किती, हे सुटं करता येत नाही. कॅनडातल्या मदरिस्क या कार्यक्रमाच्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये दोघींना वेगवेगळं सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला: नऊ महिन्यांत तीन-चारदा लावलात तर काळजी नको. काम करणारीला: ग्लोव्हज घाला, हवा खेळती ठेवा, आठवड्याला ३५ तासांहून जास्त काम नको, फार वेळ उभं राहू नका.

रुपीनगरच्या त्या गाळ्यात यातलं काय होतं? माझ्या ऑफिसात मला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती २०१७ मध्ये वाढवली तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या. दुकानात किमान दहा माणसं कामाला असली तरच तो हक्क लागू होतो. पार्लरमध्ये दोघी.

आणि त्या दिवशी मी काय केलं? बसून राहिले. अर्धं डोकं रंगवून झालं होतं, सोमवारी मीटिंग होती. तिनं माझे केस धुतले, वाळवले, मी नेहमीपेक्षा शंभर रुपये जास्त ठेवले आणि घरी आले. केस छान झाले होते.

*

तळवड्याच्या ज्योतिबानगरात ८ डिसेंबर २०२३ ला आग लागली होती. वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणारा विनापरवाना कारखाना. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या काचांतून धूर दिसला होता. आठवड्यानं टीममध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता, केकवर तसलीच मेणबत्ती आली, आणि कुणी लावली नाही. पुढच्या वाढदिवसाला लावली.

मला त्या बायका पार्लरच्या खुर्चीत आठवल्या. आगीशी केसांच्या रंगाची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण आमच्या या पट्ट्यात एकाच रसायनाची दोन टोकं असतात. एका टोकाला आम्ही, पाकिटावरची बारीक अक्षरं झूम करून वाचणाऱ्या. दुसऱ्या टोकाला जी ते पाकीट रोज फोडते.

मी नायट्राइल ग्लोव्हजचा शंभराचा डबा घेतला आणि ताई असतील अशा वेळी गेले. मुलीचं गुपित फोडायचं नव्हतं, म्हणून स्वतःचं सांगितलं. "ताई, मला पाचवा लागलाय. वास सहन होत नाही, दार उघडं ठेवत जाल का? आणि हे ग्लोव्हज. रंगाला हेच वापरा."

ताई डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं दुकान घाण आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी गडबडले. काहीतरी बोलत राहिले. मुलगी आत चहा करत होती. ताईंनी आवाज खाली आणला. "दोन पोरं झालीत मला. हिचं मला कळत नाही असं वाटतं का? ती कधी सांगते म्हणून थांबलेय. रंगावरून काढली तर रंग कोण लावणार? माझे गुडघे गेलेत. दार उघडं ठेवलं तर बायका आत यायच्या बंद होतात, रस्त्यावरून दिसतं म्हणून. भाडं कोण भरणार, तुम्ही?"

मी काही बोलले नाही. त्यांनी डबा उचलून शेल्फवर ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून, टॉवेल घड्या घालत म्हणाल्या, "दोघांच्या मध्ये एक राहिलं नाही माझं. तिसऱ्या महिन्यात. तेव्हा मी निगडीला दुसऱ्यांच्या पार्लरला होते, दिवसभर रंगच. सासू म्हणाली, तुझ्या त्या रंगामुळं. खरं होतं का हो? तुम्ही शिकलेल्या आहात."

मला डॉक्टर मॅडमचं वाक्य पाठ होतं. तेच मी म्हणाले, निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांत असतं, तुम्ही काही केलंत म्हणून झालं नाही. पण म्हणताना मला जाणवलं की माझ्यासाठी हे वाक्य जेवढं खरं होतं, तेवढं त्यांच्यासाठी ठामपणे म्हणता येत नव्हतं. एवढं मात्र मी नक्की सांगू शकले की त्या कामात त्यांची निवड थोडीच होती. ज्यांनी त्यांना दिवसभर बिनहातमोज्यांचं राबवलं, त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुठ्ठा निघाला होता आणि एक्झॉस्ट फॅन फिरत होता. मुलगी दाराजवळच्या खुर्चीत बसून आयब्रो करत होती. रंग ताई स्वतः लावत होत्या, निळे ग्लोव्हज घालून, स्टुलावर बसून. रविवारी गर्दी झाली की मुलगी पुन्हा वाटी हातात घ्यायची, तेही मी बघितलं. ग्लोव्हजचा डबा संपला, तेव्हा ताईंनी दुसरा आणला की नाही ते मी विचारलं नाही, मीच आणून दिला.

डोहाळजेवणाच्या फोटोत माझ्या भांगात पांढरी रेघ स्पष्ट दिसते. तोवर लावायची भीती उरली नव्हती, फक्त त्या रविवारी पार्लरमध्ये पाच जणी बसल्या होत्या आणि ताईंचे गुडघे दुखत होते. सासूबाईंनी रेघेवर अबोलीचा गजरा जरा पुढे ओढून बसवला.

मुलगी सातव्या महिन्यात लातूरला माहेरी गेली, पगाराशिवाय. तिला मुलगी झाली, मला मुलगा. दोघंही ठणठणीत आहेत. यावरून काहीही सिद्ध होत नाही. दोन टेस्ट पास झाल्या म्हणून सिस्टिम नीट आहे असं मी ऑफिसात लिहिलं, तर माझा मॅनेजर रिपोर्ट परत पाठवेल.